मीटिंगचा पत्ता

(रौप्यमहोत्सवी वर्षात सोसायटीच्या हॉलमध्ये झालेल्या आरोग्यविषयक कार्यक्रमात आपल्या एका सभासदांनी केलेल्या भाषणाचा हा मजकूर. वक्त्यांच्या विनंतीवरून त्यांचे नाव येथे दिलेले नाही. – संपादक मंडळ)



सेक्रेटरींनी ओळख करून देताना 'आपले जुने सभासद' एवढंच म्हटलं. बाकीचं त्यांनी मोठ्या मनानं गाळलं. जुन्या मंडळींना ते माहीत आहेच, नव्यांना मीच सांगतो. मी मद्यपी आहे. 'होतो' म्हणत नाही, 'आहे' म्हणतो; का ते पुढे येईलच. या सोसायटीच्या पंचवीस वर्षांतली पहिली दहा मी पिऊन काढली आणि पुढची पंधरा न पिता. मेंटेनन्स दोन्ही वेळा तेवढाच भरला, फक्त पहिल्या दहा वर्षांत तो हिनं भरला.

बी विंगच्या जिन्यात झोपलेला मी, गणपतीच्या मिरवणुकीत पंपाच्या खोलीपाशी पडलेला मी, वॉचमनच्या खुर्चीवर बसून पहाटे रडणारा मी, हे सगळं तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी बघितलंय. तेव्हा तुमच्यासमोर लपवण्यासारखं काही नाही. स्मरणिकेत मात्र नाव छापू नका असं मी आधीच सांगितलं आहे. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे ए.ए., या संघटनेत असा संकेत आहे की छापील मजकुरात, रेडिओवर, सिनेमात सभासदानं स्वतःचं पूर्ण नाव देऊ नये. एक तर त्यामुळे कोणी मोठा होत नाही. आणि दुसरं, उद्या मी परत प्यायलो तर लोकांनी 'बघा, ए.ए. फसलं' असं म्हणू नये. मी ए.ए.च्या वतीनंही बोलत नाही. माझ्यापुरतं बोलतो.

मला विषय दिला होता 'व्यसनमुक्ती'. एवढा मोठा विषय मला पेलणारा नाही. मी फक्त एका जागेपर्यंत कसं पोचायचं ते सांगणार आहे. कारण दारू सोडायला हवी हे मला कळत नव्हतं असं नाही. ते मला सन २००० पासून कळत होतं. आईची शपथ घेतली, सिद्धिविनायकाला जाऊन आलो, चतुर्मास पाळला आणि कार्तिकी एकादशीच्या संध्याकाळी चार महिन्यांची थकबाकी एकदम वसूल केली. कळण्यात कमी नव्हती. त्या खोलीचा जिना चढायला मला नऊ वर्षं लागली.

पत्ता मला कसा मिळाला ते ऐका. ऑक्टोबर २००९. महिनाअखेर, खिशात पैसे नाहीत, म्हणून मी घरात पैसे शोधत होतो. विम्याच्या पावत्यांचा डबा उघडला. पैसे नव्हते. हिच्या अक्षरातली एक चिठ्ठी होती, त्यावर एक फोन नंबर, मुलुंडच्या एका शाळेचं नाव आणि 'गुरुवार ७.३०'. मला वाटलं ट्यूशन क्लास असेल. नंबर फिरवला तर पलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला, "बोला. दारूचा त्रास तुम्हाला आहे की घरात कोणाला?" इतक्या सरळ कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "मला." त्यानं नाव विचारलं नाही. आज घेतलीय का, विचारलं. मी हो म्हटलं. "ठीक आहे. गुरुवारी न घेता येता आलं तर बघा. नाहीच जमलं तरी या, फक्त शांत बसा."

तो पहिला गुरुवार मी शाळेसमोरच्या पानटपरीवर पाऊण तास उभा राहून काढला आणि परत आलो. येताना एक क्वार्टर मारली. दुसऱ्या गुरुवारी गेटाच्या आत गेलो. वर दिवा दिसत होता, आतून हसण्याचा आवाज येत होता. मला वाटलं, चुकीच्या जागी आलो. दारुडे हसतील कशाला? परत फिरलो. तिसऱ्या गुरुवारी पाऊस होता, टपरी बंद होती, उभं राहायला जागा नव्हती म्हणून वर गेलो. माझ्या आयुष्यातला हा निर्णय इतका ढिसाळपणे झालेला आहे.

आणखी एक सांगतो. चालत दहा मिनिटांवर, आपल्या डोंबिवलीतच एक मीटिंग होती. फोनवर त्या माणसानं ती सुचवलीही होती. पण मी म्हटलं, नको, ओळखीचं कोणी भेटलं तर? म्हणून मुलुंड. आणि वर खोलीत शिरलो तर दारातच पाण्याचा ग्लास पुढे करणारा माणूस कोण? सकाळच्या लोकलमध्ये सहा वर्षं माझ्यासमोर बसून पत्ते कुटणारा. त्यानं चार वर्षं घेतली नव्हती आणि मला पत्ता नव्हता. तो एवढंच म्हणाला, "बस. चहा शेवटी असतो." दुसऱ्या दिवशी गाडीत त्यानं नेहमीसारखे पत्ते पिसले, माझ्याकडे बघून डोळासुद्धा मिचकावला नाही. गुप्तता म्हणजे काय, हे मला कोणी समजावून सांगायची गरजच राहिली नाही.

तिसरीचा वर्ग होता. बुटके बाक, गुडघे पोटात, समोर भिंतीवर पाढ्यांचा तक्ता. पंधरा-वीस माणसं. एक रिक्षावाला, एक बँकेतला अधिकारी, एक निवृत्त मास्तर, दोन अगदी पोरगेले, एक बाई. मीटिंग साधारण तासाभराची. एक जण पुढे बसून चालवतो, पण तो अध्यक्ष नाही, पुढच्या वेळी दुसरा बसतो. सुरुवातीला काही वाचतात, मग एकेक जण बोलतो. 'माझं नाव अमुक, मी मद्यपी आहे' असं सुरू करतो आणि स्वतःचं सांगतो. मध्ये कोणी बोलत नाही, कोणी सल्ला देत नाही, 'अहो तुम्ही असं करायला हवं होतं' हे वाक्य तिथे ऐकू येत नाही. आपल्या जनरल बॉडीत हा नियम आला तर सभा वीस मिनिटांत संपेल.

तुमची पाळी आली तर 'मी नुसता ऐकायला आलोय' म्हटलं तरी चालतं. मी पहिल्या चार वेळा तेच म्हटलं. रजिस्टर नाही, सही नाही, फी नाही. शेवटी एक पिशवी फिरते, त्यात ज्याला जमेल तो टाकतो, त्यातून जागेचं भाडं आणि चहा. नव्या माणसानं टाकलं नाही तरी कोणी बघत नाही. बाहेरच्यांची देणगी ते घेत नाहीत. सभासद व्हायला एकच अट: दारू थांबवायची इच्छा. थांबवलेलीच हवी असंही नाही.

देवाचं काय, असं मला बरेच जण विचारतात. बारा पायऱ्यांमध्ये देवाचा उल्लेख आहे, शेवटी प्रार्थना होते. पण 'आपल्याला जसा उमगेल तसा' असं त्यांनी मोकळं ठेवलेलं आहे. आमचे ते निवृत्त मास्तर कट्टर नास्तिक. ते म्हणायचे, 'माझ्यापेक्षा मोठी शक्ती म्हणजे ही खोली. मी एकटा हरलो, खोली हरली नाही.' प्रार्थनेच्या वेळी ते उभे राहायचे आणि गप्प राहायचे. कोणी काही म्हटलं नाही.

ही संघटना निघाली कशी, तेही सांगतो, कारण त्यात एक मुद्दा आहे. १९३५ साल, अमेरिकेतलं अ‍ॅक्रन गाव. बिल विल्सन नावाचा शेअरबाजारातला माणूस धंद्याच्या कामाला तिथे गेला होता. काही महिने त्यानं दारू घेतलेली नव्हती. काम फिसकटलं. हॉटेलच्या लॉबीत संध्याकाळी एकटा उभा. एका बाजूला बार, दुसऱ्या बाजूला फोन. त्याला कळलं की आपण आता आत जाणार. तो फोनकडे वळला, चर्चना फोन लावत सुटला आणि विचारत राहिला, इथे एखादा दारुडा आहे का, मला त्याच्याशी बोलायचंय. त्यातून त्याची गाठ डॉक्टर बॉब स्मिथ या सर्जनशी पडली. डॉक्टर म्हणाले होते, पंधरा मिनिटं देतो. बोलणं काही तास चाललं. डॉक्टरांनी शेवटचा घोट १० जून १९३५ ला घेतला, तोच ए.ए.चा स्थापनादिन. भारतात ती १९५७ पासून आहे.

मुद्दा असा, की बिल त्या डॉक्टरला वाचवायला गेला नव्हता. स्वतः वाचायला गेला होता. नवीन माणसाला वाटतं, आपण या लोकांवर ओझं होतोय, त्यांचा वेळ खातोय. उलट आहे. मला आज पंधरा वर्षं झाली तरी एखादा थरथरत्या हाताचा माणूस दारात आला की मला माझा तिसरा गुरुवार दिसतो आणि तो आठवडा माझा नीट जातो. तुम्ही गेलात तर उपकार तुमचे असतील.

आता 'आहे' आणि 'होतो'. सात महिने मी एक थेंब घेतला नाही. मे २०१० मध्ये कोल्हापूरला चुलतभावाच्या लग्नात एक बिअर घेतली. बिअर म्हणजे दारू थोडीच, असं मनाला सांगितलं. डोंबिवलीला परत आलो तो पाच दिवसांनी, चप्पल नव्हती पायात. मग मीटिंगला जायची पहिल्यापेक्षा जास्त लाज. पंधरा दिवस गेलो नाही. पत्त्यांवाला मित्र गाडीत काही बोलला नाही, उतरताना फक्त म्हणाला, "गुरुवारी चहाला मी आहे." गेलो. 'परत पहिल्या दिवसापासून' म्हटलं, तर टाळ्या वाजल्या. मला राग आला, थट्टा वाटली. नंतर कळलं, तिथे सर्वांत जोरात टाळ्या पहिल्या दिवसालाच असतात.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका. रोज भरपूर पिणाऱ्यानं भाषण ऐकून आजपासून एकदम बंद, असं घरच्या घरी करू नये. एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी भ्रम होतो, भिंतीवर नसलेल्या गोष्टी दिसतात, यात जीवही जाऊ शकतो. डॉक्टरला खरं प्रमाण सांगा. अर्धं सांगायची आपल्याला सवय असते. मला पाच दिवस दवाखान्यात ठेवलं होतं. मीटिंग हा औषधाला पर्याय नाही आणि डॉक्टरांच्या गोळ्या बंद करा असं कोणी सभासद सांगू लागला तर त्याचं ऐकू नका. ज्यांना महिनाभर राहून उपचार घ्यायची गरज आहे त्यांच्यासाठी पुण्यात मुक्तांगण आहे, अनिल अवचट आणि डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ मध्ये पु. ल. आणि सुनीताबाईंच्या मदतीनं सुरू केलेलं. आमच्या ग्रुपमध्ये तिथून आलेले अनेक आहेत. आत राहून परत आल्यावर गुरुवार कुठे घालवायचा, हा प्रश्न उरतोच.

उपयोग किती होतो? २०२० मध्ये कॉक्रन या संस्थेनं सत्तावीस अभ्यास, दहा हजारांवर माणसं, एकत्र तपासली. ए.ए.ची पद्धतशीर ओळख करून दिलेल्यांपैकी शंभरातले सुमारे ४२ वर्षभरानंतर पूर्ण दारूमुक्त होते, इतर मान्य उपचार घेतलेल्यांत सुमारे ३५. म्हणजे जादू नाही. अठ्ठावन्न जणांना जमलं नाही. पण फुकट, आठवड्याचे सातही दिवस कुठे ना कुठे आणि आयुष्यभर मिळणारी दुसरी गोष्ट मला माहीत नाही.

मी पुरुषांबद्दलच बोलतोय असं वाटेल, तसं नाही. बायका पितात, आपल्यासारख्या घरांतल्या पितात, आणि त्यांना पानटपरीवर उभं राहण्याचीही सोय नसते. त्यांच्यासाठी फक्त महिलांच्या मीटिंग असतात. लॉकडाऊनपासून ऑनलाइन मीटिंगही सुरू झाल्या, कॅमेरा बंद ठेवून नुसतं ऐकता येतं. २०२० च्या मे महिन्यात दुकानं उघडली तेव्हाच्या त्या रांगा आठवतात ना, त्या दिवशी मी घरात बसून मोबाइलवर लागोपाठ तीन मीटिंग केल्या.

शोधायचं कसं? ए.ए.च्या भारतातल्या वेबसाइटवर शहराप्रमाणे यादी आहे, मराठी, हिंदी, इंग्रजी भाषा दिलेल्या असतात. पण जाण्याआधी फोन करा. मीटिंग बऱ्याचदा शाळांत आणि चर्चच्या आवारात भरतात. परीक्षा आली, निवडणूक आली की जागा बदलते, आणि मोठ्या हिमतीनं गेलेल्या माणसाला कुलूप दिसलं तर तो परत येत नाही. 'ओपन' मीटिंगला घरचे, मित्र, कोणीही जाऊ शकतं; 'क्लोज्ड' फक्त ज्याला स्वतःला त्रास आहे त्याच्यासाठी. एका मीटिंगवरून मत बनवू नका. प्रत्येक ग्रुपची चव निराळी. निदान सहा ठिकाणी जाऊन बघा. रात्री-बेरात्री कोणाशी बोलावंसं वाटलं तर सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्याची टेली-मानस १४४१६ आहे. नंबर लिहून घ्या, शेजाऱ्यासाठी म्हणून लिहून घेतलात तरी चालेल.

आता चिठ्ठीचं. ती डब्यात आली कुठून? ही माझ्या आठ महिने आधीपासून अल-अनॉनला जात होती. पिणाऱ्यांच्या घरच्यांचे ते ग्रुप, बिलच्या बायकोनं, लोइसनं, मैत्रिणीबरोबर १९५१ मध्ये सुरू केलेले. मला वाटायचं भिशीला जाते. तिथे तिला कोणी माझी दारू कशी सोडवायची ते शिकवलं नाही. हे तू लावलेलं नाहीस, तुझ्या ताब्यात नाही, तुझ्यानं बरं होणारं नाही, एवढं समजलं. मग तिनं ऑफिसला 'ताप आहे' म्हणून फोन करणं बंद केलं. वाइनशॉपची उधारी भरणं बंद केलं. एका रात्री मी जिन्यात पडलो होतो. तिनं मला उचललं नाही, अंगावर चादर टाकली आणि दार लावून घेतलं. आमच्या मजल्यावरच्या काकूंनी सकाळी तिला दगड म्हटलं होतं. काकू आज समोर बसल्यात, त्यांचा दोष नाही, मीही तेच म्हटलं होतं. हिला म्हटलं, आज तूच बोल. म्हणाली, तुम्ही बोला, चुकलात तर घरी सांगीन.

शेवटचं सांगतो. हे बोलायला त्यांची परवानगी मी घेतली आहे, नाव घेणार नाही, तुम्हीही घेऊ नका. दोन वर्षांपूर्वी आपल्या आवारातून एक जण गेला. कावीळ, असं आपण सगळ्यांनी म्हटलं. मी रोज सकाळी लिफ्टमध्ये त्याच्याबरोबर असायचो. वास यायचा. हात थरथरायचा, तो पिशवीत लपवायचा. मीही तसाच लपवायचो. आणि मी काय करायचो? लिफ्टच्या आकड्यांकडे बघायचो. चार, तीन, दोन. आमच्याकडे म्हणतात की कोणाला ओढून आणू नये, ज्याला हवं त्यानं यावं. मी त्याचा मला सोयीचा अर्थ लावला. कार्य झाल्यावर भेटायला गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, "भावजी, तुम्हाला ती जागा माहीत होती ना?"

माहीत होती. आठवड्यातून तीन वेळा मी तिथे जात होतो.

ओढून आणणं आणि पत्ता सांगणं यांत फरक आहे, हे मला लिफ्टमध्ये कळायला हवं होतं. म्हणून सेक्रेटरींनी विचारलं तेव्हा हो म्हटलं. पिणाऱ्याशी रात्री बोलू नका, सकाळी बोला, उपदेश करू नका, फक्त कुठे आणि किती वाजता ते सांगा. त्यानं उडवून लावलं तरी कागद घरात राहतो. माझा आठ महिने डब्यात होता.

मी अजून गुरुवारीच जातो. आता मुलुंडला नाही, इथे जवळच. सव्वासातला मेन गेटपाशी असतो, वॉचमनला माहीत आहे. कोणाला यायचं असेल तर काही बोलायची गरज नाही, नुसतं बरोबर चालू लागा. पाऊस असला तर रिक्षा करू.